विलायतेच्या अर्जात मायची जन्मतारीख

माय, गेल्या महिन्यात एका अर्जानं मला तुझी जन्मतारीख विचारली. अर्ज माझा, पासपोर्ट माझा, जाणार मी, आणि चौकशी तुझी. तू जाऊन पस्तीस वर्षं उलटून गेली, तरी आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व असे रकाने एकाखाली एक मांडून ठेवलेले होते. नाव मी फाडफाड लिहिलं आणि तारखेवर येऊन हात थांबला. अर्जावर माझा हात थांबत नसतो. छत्तीस वर्षं लोकांचे अर्ज तपासले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, जिल्ह्यातले भले भले पुढारी माझ्या टेबलापुढं कागद उलटेपालटे करत बसायचे. आणि आता या वयात मी एका रिकाम्या चौकोनापुढं शाळकरी पोरीसारखी बसून राहिले. म्हणून तुला लिहितेय.

मी विलायतेला निघालेय. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही. लातुरात माझ्या वयाची बाई परदेशी निघाली म्हणजे लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण, तिसरं कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही. गल्लीत जो तो विचारतो, "कोन हाय तिकडं?" मी सांगते, कुणी नाही, बघायला चाललेय. मग ते माझ्या नवऱ्याकडं बघतात, बिचाऱ्याचं बायकोशी भांडण झालंय की काय अशा नजरेनं. त्याला मी आधी विचारलं होतं. तो म्हणाला, "पंधरा दिस ज्वारीची भाकर न्हाई? तू जा बाई, मी घर राखतो." मला तिथली मोठी नदी बघायची आहे, ऐन गावाच्या मधून बारा महिने भरून वाहणारी. तिथली म्युझियमं बघायची आहेत, आणि एखाद्या बाकावर बसून, काही काम नसताना, माणसं बघायची आहेत. अर्जात प्रवासाचा हेतू विचारतात. मी 'पर्यटन' या शब्दापुढं खूण केली आणि अंगावर मूठभर मांस चढलं. आपल्या घराण्यात हे काम आधी कुणी केलेलं नाही.

कागद पुष्कळ लागतात, पण त्यात मला कुणी हरवायचं नाही. पासपोर्ट, पेन्शनचा आदेश, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा, घरपट्टीची पावती, कुठं उतरणार, कोणत्या दिवशी काय बघणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मी परत येणार याची खात्री पटेल असं काहीतरी. त्यांचं म्हणणं इतकंच की पाहुणे म्हणून या आणि पाहुण्यासारखे परत जा. यात मला काही वावगं वाटलं नाही. मीही जन्मभर हेच केलं, माणूस समोर उभा असला तरी कागद मागितला. मी सगळं पानांवर क्रमांक घालून, वर यादी लावून, दोऱ्यानं टाचून नेलं. ट्रॅव्हलच्या ऑफिसातली बाई म्हणाली, "काकू, ही फाईल मी नमुना म्हणून ठेवून घेऊ का?" मी म्हटलं, ठेव.

गंमत पुढंच होती. तिनं संगणकावर माझा अर्ज भरायला घेतला. शिरूर अनंतपाळजवळचं आपलं गाव, पासपोर्टवर माझ्या जन्माचा जिल्हा उस्मानाबाद, पत्त्यात लातूर. ती म्हणाली, "तुम्ही कधी स्थलांतर केलं, काकू?" मी तिला सांगितलं, आम्ही जागचे हललो नाही, जिल्हाच आमच्या अंगावरून गेला. त्या उस्मानाबादचंही नाव आता बदललंय. मग तुझं राष्ट्रीयत्व आलं. त्याच्या खाली प्रश्न, ते जन्मापासून तेच होतं का? आता काय सांगायचं! तू जन्मलीस तेव्हा आपलं गाव बिदर जिल्ह्यात होतं आणि तू निजामाची रयत होतीस. सासर-माहेर दोन कोसांच्या आत, त्यापलीकडं लातूर सोडलं तर तू काही बघितलं नाहीस, आणि तेवढ्यात तीन जिल्हे आणि तीन सरकारं झाली तुझी. एवढा प्रवास तर मी विमानात बसूनही करणार नाही. त्या बाईनं मुकाट्यानं 'भारतीय' लिहिलं आणि पुढच्या चौकोनावर बोट ठेवलं.

बापाची तारीख माझ्याजवळ होती. तो शाळेत शिपाई, त्याच्या सेवापुस्तकात पहिल्याच पानावर दिनांक, महिना, साल ठळक लिहिलेलं. तुझी कुठंच नाही. ती बाई म्हणाली, "एक जून टाका ना, काकू. गुरुजींनी सगळ्यांना तीच लावलेली असते. कोण बघतंय?" माझी स्वतःची तारीख एक जूनच आहे, शाळेच्या दाखल्यावरची, त्याबद्दल मी काही बोलत नाही. पण त्या अर्जाच्या शेवटी वरची सर्व माहिती खरी आहे असं लिहून त्याखाली आपलं नाव द्यायचं असतं. खोटं सापडलं तर व्हिसा नाकारतात, आणि एकदा नाकारला की पुढच्या प्रत्येक अर्जात, कोणत्याही देशाच्या, ते सांगत बसावं लागतं. दुसरी वाट अशी की 'माहीत नाही' असं म्हणायचं आणि खाली कारण लिहायचं. त्यातही धास्ती होतीच. आईची जन्मतारीख माहीत नाही म्हणणाऱ्या बाईवर तिथला साहेब काय म्हणून विश्वास ठेवील? मी तिला आठ दिवस मागितले.

त्या आठ दिवसांत मी तुझी रीतसर चौकशी केली. रझाकाराच्या वक्ताला तू धाकट्या भावाला कडेवर घेऊन ज्वारीत लपली होतीस, असं सांगायचीस. पोर कडेवर घेऊन पळायचं तर आठ-नऊ वर्षांची तरी असशील. धर्मांतर झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न. बहात्तरच्या दुष्काळात तू खडी फोडायला गेलीस तेव्हा मुकादमानं हजेरीत तुझं वय तीस लावलं, आणि तुझ्या शेजारी बसणाऱ्या काकूचंही तीस लावलं, ती तर आजी झालेली होती. तुझ्या मृत्यूच्या नोंदीत पंचेचाळीस आहे. ते मीच सांगितलं होतं, विचारणाऱ्याला काहीतरी सांगून मोकळं व्हायचं म्हणून. सगळं जुळवून एक साल जवळपास ठरतं. पण महिना नाही आणि दिवस तर नाहीच नाही.

आणि मग अर्थात ती म्हातारी आठवली. तुलाही आठवत असेल. नवा जिल्हा नुकताच झालाय, कचेरी भाड्याच्या इमारतीत आहे, आणि जुन्या जिल्ह्यातून आमच्या गावांच्या फायली लाल कापडात बांधून ट्रकनं येताहेत. मला नोकरीला लागून वर्ष होत आलंय. फायलींबरोबर आलेल्या खुर्च्यांतली एक माझ्या वाट्याला आलीय, तिची वेताची बैठक मधोमध फाटलेली. मी घरी येऊन कंबर धरून बसते म्हणून तू तुझ्या दोन जुन्या लुगड्यांची जाड चौकोनी गादी शिवलीस आणि ती द्यायला स्वतः कचेरीत आलीस. साहेब हसले होते. मी ती गादी टाकून ऐटीत बसले आणि तुला म्हटलं, बस बाकावर, माझं काम बघ. पाऊस त्या सालीही दगा देऊन गेलेला, कचेरीत पाणी नाही, जो तो आपली बाटली घरून आणतोय, आणि माझ्या टेबलापुढं निराधारांच्या पगारासाठी रांग लागलेली.

ती म्हातारी रांगेत तिसरी होती. एका डोळ्यात फूल पडलेलं, हातात घामानं मऊ झालेला अर्ज. मी विचारलं, "जन्मतारीख?" ती म्हणाली, "बाई, जल्म झालाय एवढं खरं हाय." रांगेतले हसले. मला वाटलं, माझी थट्टा चाललीय, तेही तुझ्यासमोर. मी चढ्या आवाजात म्हटलं, "तसं चालत नाही. वयाचा पुरावा आण, मग ये." ती गेली. तू बाकावर बसून सगळं बघत होतीस आणि मी मनात फुशारले होते, की बघ, लेकीचा दरारा कसा आहे.

संध्याकाळी आपल्या त्या भाड्याच्या खोलीत तू भाकरी थापतेयस, मी चुलीजवळ बसलेय. तू माझ्याकडं न बघता विचारतेस, "त्या म्हातारीला कामून माघारी लावलीस?" मी सांगते, पुरावा नव्हता. "म्हंजी काय?" जन्मतारखेचा कागद, मी म्हणते, तो लागतोच, नियम आहे. तू तव्यावरची भाकरी उलटतेस. "मही सांग बघू." मी चुलीतलं लाकूड पुढं सारते. "सोताच्या मायची ठावं न्हाई, अन् दुसऱ्याच्या मायला इचारून राहिली." एवढं बोलून तू पुढची भाकरी थापायला घेतलीस. मला जन्मात कुणी, साहेबानं नाही की मंत्र्यानं नाही, इतकं खाली बसवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातले शासन निर्णय उपसले. सरकारी डॉक्टरनं तपासून अंदाजे वय लिहून दिलं तरी चालतं, असं त्यांत चक्क लिहिलेलं होतं. मी वाचलंच नव्हतं. म्हातारीला गावाहून बोलावून घेतलं, डॉक्टरकडं स्वतः घेऊन गेले. त्यानं दात बघितले, हाताची कातडी बघितली आणि पासष्ट लिहिलं. तिचा पगार सुरू झाला. तिथून पुढं माझ्या टेबलावरून एकही म्हातारं माणूस तारखेपायी परत गेलं नाही, आणि नव्या पोरांना मी हेच पहिलं शिकवलं. निवृत्तीच्या समारंभात मी ही गोष्ट सांगितली, तुझं वाक्य तुझ्याच बोलीत म्हणून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले. मला ही गोष्ट चांगली सांगता येते.

तर मी तुला खोटी तारीख लावली नाही, माय. डॉक्टरलाही तुझे दात दाखवायची सोय राहिली नव्हती. 'माहीत नाही' असंच लिहिलं आणि कारणाच्या जागी इंग्रजीत टाकलं, जन्माची नोंद उपलब्ध नाही. सरकारी भाषेत याहून स्वच्छ वाक्य सापडायचं नाही. ट्रॅव्हलवाली म्हणाली, काकू, अजून विचार करा. मी म्हटलं, विचार झाला, पुढं चल.

मग हैद्राबादला गेले, एकटीच, रेल्वेनं. तिथं काचेवर दहाही बोटं दाबून ठसे घेतात, डोळे उघडे ठेवून फोटो काढतात आणि फाईल ठेवून घेतात. तुझ्याबद्दल विचारतील म्हणून मी रात्रभर गाडीत इंग्रजी वाक्यं जुळवत होते. रझाकार, दुष्काळ, मुकादम, सगळं सांगायची तयारी होती. कुणी काही विचारलं नाही. खिडकीतल्या मुलीनं पानं मोजली, क्रमांक बघितले आणि म्हणाली, "मॅडम, फार नीट लावलीय फाईल." तिसऱ्या आठवड्यात पासपोर्ट घरी आला. नवऱ्यानं पाकीट फोडलं, मला फोडायला धीर होईना. आत व्हिसा चिकटवलेला होता, सहा महिन्यांचा. तो म्हणाला, "घ्या. विलायतेनं सुदिक तुझ्यापुढं हात टेकले." पुढच्या मंगळवारी मी निघतेय.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवते. अर्जातलं ते स्वच्छ वाक्य खरं नाही. समारंभात सांगितलेली गोष्ट मी नेहमी तुझ्या त्या वाक्यावर संपवते. त्या संध्याकाळी ती तिथं संपली नव्हती. तू ती भाकरी टोपल्यात टाकलीस, हात पुसलेस, आणि तुझा राग गेला. आवाज मऊ करून तू म्हणालीस, "मही माय सांगायची, मी झाले तवा..." मला अजून झोंबत होतं. मी घागर उचलली, टँकर यायची वेळ झाली म्हणाले आणि बाहेर पडले. त्या दिवशी आपल्या गल्लीची पाळी नव्हती. राग उतरेपर्यंत मी रिकामी घागर घेऊन रस्त्यावर उभी राहिले. परत आले तेव्हा तू माझं ताट वाढून ठेवलं होतंस. त्यानंतर तू तीन वर्षं होतीस. आपण रोज त्या चुलीपाशी बसून जेवलो, आणि पुढं काय म्हणायची तुझी माय, ते मी एकदाही विचारलं नाही.

नोंद होती, माय. तू सांगत होतीस, आणि मी उठून गेले.