उघडी बीजांडं

९ जून
लेखावर पहिलं नाव त्याचं. माझं दुसरं! चार वर्षं चिमट्यानं कळ्या सोलल्या मी, सूक्ष्मदर्शकावर मान मोडून घेतली — आणि नाव सरांच्या लाडोबाचं. प्रयोगशाळेत येऊन सात महिने झालेत त्याला. सर म्हणाले, "त्याला पुढे नोकरी शोधायचीय. तू समजूतदार आहेस." समजूतदार म्हणे! अंगाची नुसती लाही होतेय.

१० जून
ताईचा फोन. "सरळ भांड," म्हणाली. भांडून काय होणार? मला त्याची फजिती बघायचीय. चारचौघांत.

१४ जून
संधी चालून आली. पुढच्या महिन्याच्या शेवटी बाहेरचे तज्ज्ञ येणार. लाडोबा त्यांच्यापुढे फुलं उघडून दाखवणार. काय दाखवणार? तर माझंच काम — ते एक जनुक बिघडलं की बीजांडावर आवरण चढत नाही, ते उघडंच राहतं, त्याचं बी होत नाही. बीच नाही, म्हणून हा वाण टिकवायचा तो वाहक झाडांतून. दिसायला धडधाकट, दोष पोटात. त्यांचं बी पेरलं की चारांतलं एक रोप उघड्या बीजांडांचं निघतं.

वाहकांचं पाकीट फ्रीजच्या वरच्या कप्प्यात. शेजारी साध्या झाडांचं — दोष नसलेल्या. चार वर्षं सगळं त्यांच्याशीच ताडून पाहिलं मी. दोन्हींचं बी सारखंच, मोहरीहून बारीक.

१५ जून
केलं. वाहकांचं पाकीट पार रिकामं करून त्यात साधं बी भरलं. लाडोबानं दुपारी पेरलंसुद्धा.

२ जुलै
रोज शीळ घालत पाणी घालतो. "मॅडम, बघा कशी फोफावलीत!" मी म्हटलं, "छानच." घाल बाबा, घाल पाणी.

२९ जुलै
मुद्दाम केस धुऊन गेले होते. चार तज्ज्ञ, सर, मी मागे. पहिल्या तीन रोपांची बीजांडं नीट झाकलेली. लाडोबाला घाम फुटला, मला आनंदाच्या उकळ्या. मग चौथं रोप पडद्यावर आलं.

उघडी बीजांडं. सताड उघडी. तज्ज्ञांनी टाळ्या वाजवल्या.

पण बी तर साधं होतं. मीच भरलं होतं.

३० जुलै
दार लावून साध्या झाडांच्या पानांतून ते जनुक तपासलं. तिसांतली एकोणीस वाहक!

दरवर्षी त्यांच्यात शेंगा न धरणारी काही रोपं निघायचीच. पाणी कमी पडलं असेल म्हणायचे आणि उपटून टाकायचे. साध्या झाडांची कसली तपासणी करायची, असं वाटायचं. चार वर्षं दोषी झाडांना निर्दोष धरून आकडे काढत बसले मी. लेखातला एकही तक्ता खरा नाही. आणि हे सांगायचं, तर पाकिटांचंही सांगावं लागणार.

मग सुचलं — पहिलं नाव त्याचं आहे ना? मग पडू दे त्याच्याच गळ्यात. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

३१ जुलै
सरांनी बोलावलं. म्हणाले, "परवा तुझा चेहरा बघवेना गं मला. चुकलंच माझं." पहिलं नाव माझं केलंय. लेख सकाळीच छापायला पाठवूनही दिला. लाडोबानं हसून हात पुढे केला. मी दोघांना थँक्यू म्हटलं.