वाफ्यातली मुसळी

२१ ऑक्टोबर १९८३

प्रिय पंचफुला,

'प्रिय' सवयीनं लिहून गेले. खोडणार होते, पण लहानपणापासूनची सवय एका रेघेनं जात नाही, म्हणून राहू दिलं. पुढे मात्र तुझी गय करणार नाही, आधीच सांगून ठेवते.

आपला डोंगर खणून नेला. गावामागचा, जिथे आपण गोवऱ्या वेचायला जायचो आणि पांढऱ्या फुलांच्या तुऱ्यावरून मुसळी ओळखायचो, तोच. पोळ्याच्या दिवशी सारा गाव बैल सजवून तोरणाखाली उभा होता, तेव्हा पलीकडच्या अंगानं टेम्पो आला. तुळजाबाई शेळ्या वळवायला गेली होती, तिनं पाहिलं. पानं हिरवीगार, बी अजून कच्चं, आणि परकी माणसं पोती भरत होती. आपल्याकडे दसऱ्याआधी डोंगरावर कुदळ नेत नाहीत, बी गळू देतात, आणि मुळ्या मोडून घेतल्या की कोंबाची गड्डी परत मातीत दाबतात. हे मी तुला काय सांगावं? एकदा आपण गड्डी तशीच उघडी टाकली म्हणून तुझ्या आईनं आपल्या दोघींच्या पाठीत धपाटे घातले होते. या लोकांनी गड्ड्याही पोत्यात कोंबल्या, वजन वाढावं म्हणून. आता वर नुसते खड्डे आहेत.

तुळजाबाईनं त्यांना हटकलं तर त्यातला एक म्हणाला, "आमच्यावर काहून चिडता बाई? इतवारीच्या जडीबुटीच्या दुकानातली वहिनीच सांगून राहिली, आमच्या माहेरच्या डोंगरावर लय मुसळी हाये म्हणून." मला खरं वाटलं नाही. मी उलट तुळजाबाईलाच बोलले, माझ्या मैत्रिणीचं नाव घेऊ नकोस म्हणून. त्याची लाज मला अजून वाटते, आणि ती तुझ्यामुळे वाटते.

वाफ्यांची कल्पना कोणाची होती, पंचफुला? तुझी. तुझी प्रेमिला शाळेत होती तेव्हा तू पावसाळ्यात माहेरी आलीस, डोंगरावर फुलं विरळ झालेली पाहिलीस आणि माझ्या ओट्यावर बसून रडलीस. म्हणालीस, "इंदू, तू मुसळी वाफ्यात लाव वं, मी दुकानात खपवतो. मग डोंगराले कोणी हात लावनार नाही." मी तुझ्या शब्दावर संत्र्याच्या बगीच्याच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेनं, वाफे धरले. आमच्या घरी सगळे हसले, संत्री सोडून गवत लावते म्हणाले. पहिल्या वर्षी पाणी साचून निम्मं सडलं, तरी मी सोडलं नाही. तुळजाबाईचं घर डोंगरावरच्या मुसळीवर चालायचं. तिला वाफ्यावर आणलं, तेव्हा तिनं कुदळ टाकली. तिच्यामागून बाकीच्या बायांनीही टाकली. डोंगर हळूहळू भरत होता. गेल्या श्रावणात देवळाच्या पायरीवरून फुलं दिसली, तेव्हा मी तुला आंतर्देशीय लिहिलं होतं. आठवतं का?

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी मी दुकानात आले ते खरं-खोटं करायला. तू आत गिऱ्हाइकाशी बोलत होतीस, माझ्याकडे तुझी पाठ होती. माझ्या हातची, मी सोललेली, मी वाळवलेली मुसळी परातीत घेऊन तू म्हणत होतीस, "वाफ्यातली नाही जी, आमच्या माहेरच्या डोंगरावरची हाये. असली जंगली नागपुरात कोठी भेटनार नाही." इतक्या अभिमानानं बोलत होतीस की मला क्षणभर तुझ्यावर मायाच आली. मग राग आला तो अजून उतरलेला नाही. जंगली म्हटलं की माल लवकर उठतो, हे मलाही कळतं. पण तू नुसता माल विकत नव्हतीस, माहेर मिरवत होतीस. मैत्रिणीच्या धुऱ्यावरचं म्हणायला तुला कमीपणा वाटला. डोंगर झाकून ठेवायला मी वाफे केले आणि त्याच वाफ्यांतला माल दाखवून तू डोंगराची दवंडी पिटलीस. मी पाय न वाजवता माघारी फिरले.

आणि आता तुझं कार्ड आलं. दुकानातल्या पोऱ्यानं तुला पाहिलं म्हणे, आलीस तशी चहा न घेता का गेलीस, असं विचारतेस. आणि खाली लिहितेस, प्रेमिलाचे दिवस भरत आले आहेत, बाळंतपणाच्या लाडवांसाठी मुसळी धाड, दुकानात सध्या डोंगरावरची आली आहे पण ती कोवळी आणि मातकट आहे, पोरीला नको, तुझ्या वाफ्यातलीच हवी. मी हे तीनदा वाचलं. तुझ्या पोरीला वाफ्यातली आणि लोकांच्या पोरींना डोंगरावरची, होय ना? या कार्डासाठीच हे पत्र लिहायला बसले. दुकानाला यंदापासून चिमूटभरही मिळणार नाही. थंडीत काढणी झाली की सगळ्या गड्ड्या जपून ठेवणार आहे आणि मृगात त्या खड्ड्यांत नेऊन लावणार आहे. तुळजाबाई येते म्हणाली. तूही ये, खुरपं घेऊन ये, तुझाही डोंगर आहे. प्रेमिलाचा मात्र काही दोष नाही, म्हणून घरात ठेवलेली गेल्या सालची सगळी मुसळी या पत्रासोबत पाठवते आहे. तिला पहिला लाडू देताना सांग, ही इंदूमावशीच्या वाफ्यातली आहे. तेवढं पोरीला सांगता आलं, तर मग दुकानात बसून गिऱ्हाइकालाही सांग.

अजूनही तुझीच,
इंदू