शेवटची बारा पानं

ती. नंदाताईस,

धाकट्या गजाचा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा (उजवा, मागच्या पत्रात चुकून डावा लिहिला होता, दुरुस्त करून घ्यावे) आता कसा आहे? इकडे मोतीबाई, मी आणि दोन्ही म्हशी ठीक.

तू छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंस आणि मी दहावीला बसलोच नाही, तरी वाडीवरच्या शाळेत गुरुजींनी मला रोज दुपारचा एक तास दिला आहे. पाचवीची पोरं वाचनाला कंटाळत. सोमी नावाची मुलगी तर खिचडी खाल्ली की घरी पळायची, ती दुसऱ्या दिवशी येईलच असं नाही. म्हणून मी तुझ्या स्वराजची रहस्यकथा (मे महिन्यात न सांगता आणलेली, पाने १३२) नेली आणि रोज एक प्रकरण वाचायला लागलो. पाचव्या दिवशी सोमी स्वतः उभी राहिली. बोटाने ओळ धरून, अडखळत, पण सबंध पान वाचलं. मग पोरांनी पावलांचे ठसे पट्टीने मोजले, वाडीचा नकाशा काढला, एकमेकांचे जबाब लिहून घेतले. गणित, भूगोल, भाषा, सगळं एका तासात. डीएडला हे शिकवतात का, कळव.

कोणी शेवट आधी पाहू नये म्हणून शेवटची बारा पानं मी ब्लेडने (सरळ रेषेत) कापून घरी ठेवली होती. सोमवारी वाचायला काढतो तर गायब. सोमीचं तोंड उतरलं. "चोर नाय कळायचा तं मी कशाला येऊ?" म्हणाली. मी घाईने म्हणालो, तपास करा, आणि इथेच फसलो.

सगळा वर्ग माझ्या पडवीत. मोतीबाईने जबाब दिला, "यांना कागद दिसला का नंबर घालून दोऱ्यानं शिवायची खोड हाय. बुधवारी जमिनीच्या मोजणीच्या अर्जाची फाईल शिवत होते." सोमीने संशयितांत माझं नाव पहिलं घातलं. मी म्हटलं, शेवटी टाक, तर म्हणते, "काका, शेवटचाच चोर असतो." मग पहिलंच राहू दिलं. पुढे तिने फाईलची पोच मागितली. पोचेवर एकूण पाने ३१. माझ्या वहीत अर्जाची पाने १९. वजाबाकी तिने बोटांवर नाही, मनात केली.

तर ती बारा पानं, माझ्याच हाताने क्रमांक घालून, खालापूरला कचेरीत रीतसर दाखल आहेत. क्रमांक इतके सुबक, की शंका यायला जागाच नव्हती. सोमी मात्र रोज येते. पानं मिळेपर्यंत येईन म्हणाली आहे.

स्वराजला आशीर्वाद (पुस्तकाबद्दल इतक्यात बोलू नकोस).

तुझा,
गजा

ता. क. : कचेरी तुझ्या घरापासून चालत सहा मिनिटं. जाऊन पान २० ते ३१ ची नक्कल मागावी. अर्ज लिहून जोडला आहे, फक्त सही कर. चोराचं नाव पाकिटावर लिहू नकोस. पोरांना वाटतं मला ठाऊक आहे; पण तत्त्व म्हणून मी शेवट वाचलेला नाही.

आणखी ता. क. : पत्र दोन दिवस खिशातच राहिलं. काल सोमीने विचारलं, "काका, चोर तुलाबी ठाव नाय ना?" मी खोटं बोलत नाही. "मंग तू आमच्यात बस," म्हणाली. तेव्हा शेवट ठाऊक असल्याचा आव रद्द. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू आहे. सोमी वाचते, आणि मी सतरंजीवर, तिसऱ्या रांगेत, सखा नावाच्या पोराच्या शेजारी असतो. माझा संशय गोष्टीतल्या माळीबुवांवर आहे. सोमी नुसती हसते. नक्कल अगदी लगेच नाही मिळाली तरी चालेल.