काजळी काढायच्या अवजारांची वाटणी

मी, डोमाजी पैकाजी बोरकर, वय सुमारे अडुसष्ट, धंदा बंदूकदुरुस्ती, राहणार बालाघाट, आज कोणाच्या दाबाखाली न येता आणि पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र शाळेच्या विमलाबाईंकडून लिहवून घेत आहे. डोळ्यांनी दगा दिला आहे, डोक्याने नाही. यावर माझी पत्नी अनुसया हसली. ते लिहू नका म्हणालो, तरी बाईंनी लिहिलेच.

१. घर. मागच्या दोन खोल्या व आंगण अनुसयेने हयातभर वापरावे, तिच्यामागे मुलगा प्रेमलाल याने. प्रेमलाल गोंदियाला नोकरीत आहे. पुढच्या खोलीत, म्हणजे माझ्या दुकानात, त्याला रेडिओ विकायचे आहेत. "बाबा, आता बंदुका कोण घासते?" असे त्याने मला पोळ्याला विचारले. ती खोली त्याला देत नाही. का, ते कलम चारमध्ये येईल. तोवर त्याने दम धरावा. त्याला माझी सायकल देतो. तिला ब्रेक नाहीत, पण त्यालाही कुठे थांबता येते.

२. अनुसयेस. बंदुकीची नळी पुसायला जुन्या सुती लुगड्याच्या चिंधीसारखे दुसरे काही नाही. त्यापायी मी तिची बरीच लुगडी फाडली, आणि त्यांतले एक जुने नव्हते. ते आमच्या मुलीच्या, अंजनाच्या, बारशाचे होते. उंदराने खाल्ले असे मी तेव्हा सांगितले. तो उंदीर मी. तशाच काठाचे नवे लुगडे पेटीत तळाशी ठेवले आहे, ते तिने नेसावे, माझ्या तेराव्याची वाट पाहू नये.

३. चैतराम हलवाई यांनी माझी मोठी पितळी खरवडणी कढईचा खवा काढायला "घडीभर" म्हणून नेली, त्याला अकरा वर्षे झाली. ती त्यांनाच देतो. त्यांच्या पेढ्याला बंदुकीच्या दारूचा वास येतो असे मी गावभर सांगत फिरलो, ते मात्र परत घेत नाही.

४. अवजारे. कॅनव्हासच्या गुंडाळीत पितळी गज, तीन ब्रश, रिकाम्या काडतुसांच्या पितळेतून मी घडवलेल्या बारीक खरवडण्या आणि बांबूच्या तासलेल्या काड्या आहेत. रायफलीच्या बोल्टाच्या, म्हणजे काडतुसामागे सरकणाऱ्या दांड्याच्या, तोंडाशी दारूची काजळी बसून तिचा दगड होतो. ती रॉकेलात भिजवायची आणि पितळेने नाहीतर बांबूने काढायची, कारण दोन्ही लोखंडाहून मऊ. आमच्याकडच्या मालकांना एवढे कळत नाही. दसऱ्याच्या पूजेत बंदूक चमकली पाहिजे म्हणून ते बोल्ट राख-चिंचेने घासतात, जणू तो पाण्याचा पितळी गुंड आहे. मग काजळी तशीच, वर चिंचेचा गंज, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात रांग.

सन १९६१ च्या दसऱ्यानंतर अशा बावीस बंदुका आल्या, आणि माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. एक बोल्ट मी तासभर खरवडत होतो. माझी मुलगी अंजना, नवरा वारल्यावर माहेरी आलेली, चहा घेऊन उभी होती. "बाबा, काजळी कवाची निंगाली. आता लोखंड खरवडून राह्यले तुमी," ती म्हणाली आणि खरवडणी माझ्या हातातून घेतली. त्या दिवसापासून या दुकानातली प्रत्येक बंदूक तिने साफ केली आहे. मी बाहेर बसून मिशांना पीळ देत होतो.

हे मी लपवले. लामत्याचे पुनाराम कटरे, माझे सर्वांत जुने गिऱ्हाईक, नेहमी म्हणत, "बाईचा हात लागला का निशाना चुकते, डोमाजी." मी मान डोलवायचो, रायफल पडद्याआड न्यायचो आणि बाईच्याच हातात द्यायचो. १९६६ साली त्यांनी गोऱ्हे मारणारा बिबट एका गोळीत पाडला आणि माझ्या हाताला यश आहे म्हणून चारचौघांत मला पागोटे बांधले. मी ते बांधून घेतले. पडद्याआड पोर ऐकत होती. मला याची लाज वाटते.

बंदूकदुरुस्तीचा परवाना माझ्या नावावर आहे आणि माझ्याबरोबर संपेल. अंजनाला नवा अर्ज करावा लागेल. तिला काम येते का, असे कचेरीत विचारतील, आणि येते म्हणणारा एकही माणूस तिच्याजवळ नाही, कारण सगळ्यांना मीच सांगितले की हात माझा. माझ्या मिशीपायी पोरीची भाकर जाऊ नये. म्हणून सर्व अवजारे आणि पुढची खोली मी अंजनाला देतो, आणि तिचे काम तिच्या नावावर करतो. प्रेमलालने रेडिओ दुसरीकडे वाजवावा.

पुनारामजींना साक्षीदार म्हणून मुद्दाम बोलावले आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, असे वकील म्हणाले. पुनारामजींनी मात्र वाचावा.

बालाघाट, दिनांक ९ नोव्हेंबर १९६९
सही: डोमाजी पैकाजी बोरकर

साक्षीदार: महागू रामटेके, शेजारी. डोमाजींनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार: पुनाराम कटरे, लामता. माझ्याबी समोर केली. कलम चार दोनदा वाचलं. राग आला, हौ. उठून दारापावेतो गेलतो. मंग वाटलं, आठ वर्सं जंगलात आपला जीव या पोरीच्या हातावर होता आन् आपण तिले एका शब्दानं विचारलं नाही. अर्जावर पहिली सही माझी घ्या. रायफल गाडीत आहे, अंजनाबाईले देऊन राह्यलो.