उलट्या डब्यांची पॅसेंजर

मंगळवार, दिवेलागण

लिहिण्यात चुका असतील, टाईप करायला बी लई येळ लागतोय, माफी.

आमच्या ठेसनात एकच पॅसेंजर थांबती. बायकांचा डबा पुढं असतोय, तितं आई शेंगा विकती. मागं वडेवाला शिवाकाका. आज्ज्यापासनं असंच.

आज गाडी उलटी लागली. बायकांचा डबा मागं आला, आई तिकडं पळाली.

"हितं माझी हद्द हाय, कळतंय का?" म्हणत काकानं तिला केस धरून फलाटावर आपटलं.

मला चारचौघांत बोलायला येत न्हाय. मी शेंगा मोजायचं लोखंडी माप त्याच्या तोंडावर हाणलं. परत हाणलं.

"सोड गं, मरंल त्यो!" आईच वरडली.

काकाचा दात पडला. माप चेपलं. उद्या त्याच मापानं शेंगा मोजायच्या? घासलं तरी रगात दिसतंय. मला बरं वाटलं का? वाटलं की. त्येचंच भ्या वाटतंय.

आत्ता घरची शेळी व्याली. दोन पिल्लं. ह्याच हातांनी पुसून घेतली.