नेफ्यातला दगड

सुपरवायझर मॅडम,

हे पाठवायचं धाडस नाही, पण राहवतही नाही. आपल्या अंगणवाडीतली जमना दर महिन्याला वजनात वाढतेय आणि दंड मात्र काड्यांसारखे, याचं मला कोडंच पडलं होतं. काटा बिघडला असेल म्हणून मिठाचा पुडा टांगून पाहिला, तर काटा बरोबर! आज तिच्या परकराचा नेफा चाचपला. आत दगड, दर महिन्याला आधीपेक्षा मोठा घातलेला.

तिची आई हिरूबाई सुरगाण्याहून द्राक्षछाटणीला आलीय. मला वाटलं, पोरीला दवाखान्यात ठेवतील म्हणून घाबरली असेल. तर म्हणाली, "मागं वजन कमी भरलं, तवा मॅडम तुमच्यावर लय वरडल्या. मला बघवलं नाय, ताई."

आज खरं वजन लिहिलंय. तुम्ही याल तेव्हा हिरूबाई दारातच उभी असेल. तिच्यासमोर मला काय बोलाल?

आपली,
शुभांगी, अंगणवाडी सेविका
दिंडोरी