आधी पुसून घे

लातूर

प्रिय तनुजा,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून तुला धसका बसेल. घरी सगळे ठीक आहेत. ठीक नाही तो मी.

मागच्या आठवड्यात नायगावला तुझ्या माहेरी, केवळाकाकूंकडे गेलो होतो. आप्पांना जाऊन वर्ष झालं, तरी त्यांचा तो जुना कॉम्प्युटर ज्वारीच्या पोत्यांशेजारी तसाच, वर तुझ्या लग्नातल्या आहेराची शाल पांघरलेला. नांदेडच्या लिलावातून आप्पांनी तो एसटीनं आणला, तेव्हा कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं. गणिताच्या मास्तरला असलं खूळ शोभतं का म्हणून गाव हसलं. आपण दोघं मात्र रोज संध्याकाळी आप्पांनी स्वतः लिहून त्यात बसवलेल्या पाढे विचारणाऱ्या प्रोग्रामपुढे, पाढेमास्तरापुढे बसायचो. इंग्रजी अक्षरांत मराठी बोलायचा तो. चुकलं की तुला, 'गूळ खा अन् परत मोज', आणि मला, 'किशन, तनूकडं बघू नको'. आप्पांना सगळं कळत होतं बहुतेक.

इथल्या एका कॉलेजला जुनी यंत्रं मांडायची आहेत, म्हणून मी काकूंकडे तो मागितला. त्या म्हणाल्या, ने बाबा, पण पुसून घे आन् मग दे. मी मान डोलावली. इतकी वर्षं लातूरला दुकान टाकून गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. पुसून द्या म्हणजे आतलं सगळं उडवा, हाच अर्थ डोक्यात बसलेला. आपल्याकडे पुसणं म्हणजे विचारणंही, हे विसरलो. तनूला विचार, असं त्या म्हणत होत्या.

दुकानात आणून चालू केला. हार्ड डिस्क पिठाच्या गिरणीसारखी घरघरली आणि लागली. पडद्यावर तुझं नाव दिसलं. हात थांबला होता, खोटं बोलत नाही. एक फोन करायचा होता. पण तुझ्या लग्नानंतर आपण बोललोच नाही, आता कोणत्या तोंडानं बोलू, असं वाटलं. काकूंचा हुकूम पाळणं त्यापेक्षा सोपं होतं. त्या काळच्या डिस्कचं फॉरमॅट म्हणजे नुसती नावं खोडणं नव्हे. शेत खोल नांगरून नव्यानं सऱ्या पाडाव्यात तसं. मग काही सापडत नाही. यंत्रानंसुद्धा आधी मला पुसलं, सगळं जाईल, करू का? मी हो म्हटलं.

काल काकूंचा फोन आला. तनूला पुसलंस का रे, दिवाळीला ती येणार हाय, आजोबाचा पाढेमास्तर बघायचा म्हणून सत्यम नाचून राहिलाय. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुझ्या पोराचं मी काय घालवलं, ते आधी तुला कळायला हवं. मला फार वाईट वाटतंय, तनू. चार शब्द सुनाव, तुझा हक्क आहे.

आता तो पाढेमास्तर आठवेल तसा पुन्हा लिहायला बसलोय. तुला बसलेली बोलणी, मला बसलेली बोलणी, जशीच्या तशी आठवली. एकच अडलंय. तिसाचा पाढा पुरा करणाऱ्याला आप्पा शेवटी एक ओळ दाखवायचे. मी एकोणतिसावरच घसरायचो, ती कधी बघितलीच नाही. तू वाचून हसायचीस आणि पडदा बंद करायचीस. तेवढी जागा रिकामी ठेवली आहे. काय लिहिलं होतं गं तिथं? बघ, या वेळी आधी पुसतोय.

तुझाच, अजून एकोणतिसावर अडलेला,
किशन